वाकड्या ओळी

२ फेब्रुवारी २०२५

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. रोज जमणार नाही हे ठाऊक आहे, पण ठरवायला काय जातंय.

सगुणाचं पुस्तक मी स्वतः काढणार. कागदावर नाही, इ-बुक. तिसऱ्या प्रकाशकानेही काल लेख परत केले. कोळीवाड्याच्या आठवणींना सध्या वाचक नाही म्हणे.  सगुणाने फोन उपडा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. वेसाव्याची पोर, आईने बाजारात मासळी विकून शिकवलेली, तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलं असेल तर ते हेच, की आईवरचे हे लेख पुस्तक होऊन निघावेत.

आणि मी आयुष्यभर काय केलं, तर दुसऱ्यांच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी लावली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात, आधी मालकाकडे, मग स्वतःच्या दोन कॉम्प्युटरवर. पान लावावं तर चंदरने, असं लोक म्हणायचे. बायकोचे लेख मात्र पिशवीतच राहिले. ९ मार्चला तिची एकसष्टी आहे. त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात द्यायचं. तिला सांगितलं तर म्हणाली, बघा जमतंय का. पण मेथी निवडता निवडता हसली.

५ फेब्रुवारी

आमची श्रुतिका मुलुंडला असते. तिने व्हिडिओ कॉलवर सॉफ्टवेअर उतरवून दिलं. फुकट आहे. फुकट आहे म्हणूनच मला संशय.

पहिलाच धक्का असा की यात पान नसतं. म्हणजे मजकूर असतो, पण पान नसतं. वाचणारा आपल्या फोनवर अक्षर लहान-मोठं करणार, आणि मजकूर त्याप्रमाणे नव्याने पसरणार. कुठली ओळ कुठे तुटेल ते मला माहीत नाही, लेखिकेला माहीत नाही, देवालाही माहीत नाही. मी म्हटलं, मग मी करायचं काय? श्रुतिका म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त मथळा कुठला आणि परिच्छेद कुठला ते सांगायचं, बाकी ते बघून घेतं.

माणिकला फोन केला. गाळ्यात आमची प्रुफं तो तपासायचा. त्याने एका वाक्यात निकाल लावला. ‘पान हलतं त्याला पुस्तक म्हणत नाहीत रे, त्याला पत्रावळ म्हणतात.’ मला तंतोतंत पटलं. तरी काम सुरू केलंय.

८ फेब्रुवारी

वाट लागली. सगुणाचे लेख आमच्या गाळ्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. नव्यात आणल्यावर रफार एका अक्षराने पुढे पळाले आणि वेलांट्या भलत्याच डोक्यावर बसल्या. दोन दिवस हाताने दुरुस्त करत होतो. त्यानंतर पहिला लेख लावला. कॉम्प्युटरवर इतका देखणा दिसला की मीच दोनदा वाचला. फोनवर उघडला तर एक ओळ पूर्ण, दुसरीत एकच शब्द, पुन्हा एक पूर्ण, पुन्हा एक शब्द. श्रुतिकाला फोटो पाठवला. ती एवढी हसली की फोन तिच्या हातातून पडला. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारला होता. मग काय करणार? ओळ संपली की संपवायची, हे काम मी चाळीस वर्षं केलंय.

सगळे एंटर काढले. हाताला सवय इतकी की काढता काढता दोन नवीन मारले.

१२ फेब्रुवारी

आज पहिला लेख सगुणाला फोनवर दाखवला. तिने काय करावं? आधी अक्षर मोठं केलं. मग आणखी मोठं. एका ओळीत जेमतेम चार शब्द उरले. मी मजकुराच्या आकाराचा इतका विचार केला, आणि हिने क्षणात बाराखडीचा तक्ता केला. तेही गिळलं. मग म्हणते, ‘अहो, ओळी वाकड्या आल्यात. मध्ये खाली झुकतायत.’

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर हसलो असतो. मी फूटपट्टी आणून फोनच्या काचेवर लावली. ओळ सरळ. दुसरी लावली, सरळ. हे तिला दाखवलं. असेल बाई, म्हणाली. असेल म्हणजे काय? आहेच.

माझा मूड गेला तो गेलाच. रात्री जेवताना वरणात मीठ नव्हतं, तेही मी बोललो.

१५ फेब्रुवारी

ओळींचं मिटलं नाही तोच आता शब्द गायब. ‘इथे आईनंतर एक शब्द गेलाय. आणि इथेही. मधलेच जातायत,’ असं ती म्हणाली.  फॉन्ट बदलताना शब्द गळत असतील तर अख्खं पुस्तक पुन्हा तपासावं लागणार, आणि दिवस कुठे आहेत?

सबंध दिवस मूळ प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावला. एकही गेलेला नाही. संध्याकाळी तिला बोलावलं आणि ती म्हणत होती त्या जागेवर बोट ठेवलं. तिने मान थोडी तिरकी केली. हो, आहे की, म्हणाली.  तिथून उठून सकाळचा पेपर घेतला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पहिलं पान तसंच बघत राहिली आणि घडी करून ठेवून दिला.

‘तुमच्या ओळी सरळ आहेत,’ ती म्हणाली. ‘माझंच चुकलं.’

एवढं कबूल केलं, मला बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

बरं वाटणं चार दिवस टिकलं नाही. आता ती एकही चूक काढत नाही. दुसरा लेख दिला, तिसरा दिला, तुम्ही बघितलंत ना मग झालं, एवढंच म्हणते. स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं न बघणारी लेखिका मी जन्मात पाहिली नाही. आमच्याकडे लेखक अनुस्वारासाठी दारात बसायचे.

मला वाटतं ती नाराज आहे. मीठ आणि फूटपट्टी, दोन्ही लक्षात ठेवलं असणार. किंवा मी लावतोय ते तिला आवडलेलं नाही आणि मन दुखवायचं नाही म्हणून बोलत नाही. दुसऱ्या मजल्यावरची दिपाली लिफ्टमध्ये म्हणाली, काकू हल्ली ओळख दाखवत नाहीत, समोरून जातात तशाच. मी सारवासारव केली. पुस्तक यायच्या आधीच बाईसाहेब लेखिका झाल्या, असं म्हटलं. दिपाली हसली, पण मला ते बरं दिसलं नाही. सगुणा अशी नव्हती.

आज चहा बशीतच जास्त ओतला गेला. तिचं लक्ष कशातच नाही.

२३ फेब्रुवारी

निर्णय घेतला. हलणारं पान नको. सॉफ्टवेअरमध्ये दुसरा एक प्रकार आहे, त्यात प्रत्येक पान आपण लावू तसंच राहतं, चित्रासारखं. वाचणाऱ्याला अक्षराला हात लावता येत नाही. श्रुतिकाने विरोध केला. फोनवर अक्षर मुंगीएवढं होईल, मोठं करायला गेलात तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाईल, कोण वाचणार असं, म्हणाली. मी सांगितलं, फोनवर वाचायचं कशाला, एकसष्टीला आईला टॅब दे. देते म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

खरं सांगायचं तर मला माझं पान परत मिळालं. समास, कडा, लेखाचं पहिलं अक्षर तीन ओळींचं. हात पुन्हा कामावर आल्यासारखे चालतायत. ‘पहाटेचा बाजार’ या लेखात एक अर्धी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटीच जाऊन बसत होती. ते मला सहन होत नाही. वरच्या परिच्छेदातले दोन शब्द काढले, ‘अनवाणी’ आणि ‘कुडकुडत’. ओळ मागे आली, पान बसलं. गाळ्यात आम्ही हे सर्रास करायचो. दोन शब्द इकडे, एक तिकडे. लेखकाला कधी कळत नसे.

१ मार्च

आज दुपारी ती अचानक म्हणाली, ‘पुस्तक पुढच्या वर्षी काढू या का?’

 महिनाभर मी मान मोडून बसलोय, आणि हिला पुढच्या वर्षी हवंय. कारण विचारलं. म्हणे, मला आधी सगळं नीट वाचून घ्यायचं होतं. मग वाच की, कोण नको म्हणतंय? मी टॅब दिला, तो श्रुतिकाने आधीच पाठवलाय. ती तो घेऊन बाल्कनीत उजेडाला गेली. मी आतून बघत होतो. तिने दोन बोटांनी पान मोठं केलं, ते सरकलं, पुन्हा लहान केलं, पुन्हा मोठं. पाच मिनिटांत आत आली. छान लावलंय, म्हणाली. डोळे लाल होते.

प्रकाशकांनी तीनदा नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील याची तिला भीती वाटत असावी. मलाही वाटते. पण आता मागे फिरायचं नाही. वेसाव्याच्या तिच्या माणसांना मी आमंत्रणं केलीत.

९ मार्च

घरी आल्या आल्या वही काढून बसलोय.

सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं. वेसाव्याहून तिचा मामेभाऊ राजाराम आणि त्याच्या घरचे सगळे, माणिक, श्रुतिका, शाळेतल्या दोघी-तिघी. औक्षण झालं. मी टॅब तिच्या हातात दिला. सगळे म्हणाले, वाचून दाखवा. ती नको नको म्हणत होती. मीच आग्रह केला. ‘पहाटेचा बाजार’ उघडून दिला.

तिने वाचलं. शाळेतला आवाज लागला, हॉल चिडीचूप. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्यात ती म्हणाली, ‘आई अनवाणी, कुडकुडत, डोक्यावर पाटी घेऊन धक्क्यावरून निघायची.’

ते शब्द त्या पानावर नाहीत. मी स्वतः काढलेत.

म्हणजे तिला कळलं होतं. कधी कळलं कोण जाणे, पण घरी एक शब्द न बोलता तिने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवले. मला समजावं म्हणून. आणि पुढेही वाचत राहिली, पान संपलं तरी उलटलं नाही, संपूर्ण लेख एकाच पानाकडे बघत म्हणून टाकला. टाळ्या पडल्या. राजारामच्या बायकोने डोळे पुसले. माणिकने माझ्याकडे बघून भुवई उडवली, त्याच्या ध्यानात आलं असणार.

साठ वर्षांच्या बाईने असा सूड घ्यावा? दोन शब्दांसाठी?

 

१० मार्च

सकाळी चहाच्या वेळी मीच विषय काढला. म्हटलं, शब्द काढल्याचं कळलं होतं तर मला सांगायचंस, चारचौघांत कशाला. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे माझ्या तोंडाकडे नाही, कानाच्या बाजूला कुठेतरी.

‘कुठले शब्द काढलेत?’ तिने विचारलं.

मी सांगितले. तिने कप खाली ठेवला, आधी बोटांनी टेबलाची कड चाचपून. हे मी आज पाहिलं. हे ती किती दिवस करत असेल मला माहीत नाही.

‘मना दिसत नाय,’ ती म्हणाली.

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. माहेरची बोली तिने माझ्याशी कधी काढली नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

मग सांगितलं सगळं. उजव्या डोळ्याने मधलं काही दिसतच नाही, डाव्याने अर्धवट. बघते तो शब्द जातो, आजूबाजूचे राहतात. माणसांचं तोंड जातं, साडी राहते. दिवाळीपासून हळूहळू. तिला आधी वाटलं चष्म्याचा नंबर, मग वाटलं माझ्या फाइलमध्येच काही गडबड आहे. मी फूटपट्टी लावली, शब्दावर बोट ठेवून दाखवलं, आणि पेपरातल्या ओळीही तशाच वाकड्या दिसल्या, तेव्हा समजली. काल हॉलमध्ये तिने सगळं तोंडपाठ म्हटलं. एवढ्या वेळा लिहून काढलेले लेख, तिला पाठच आहेत.

मी ओरडलोच, का नाही बोललीस म्हणून. ती शांतपणे म्हणाली, ‘बोलले असते तर तुम्ही फाइल बंद करून दवाखान्याच्या रांगेत बसला असता. एकदा पुस्तक होऊ दे म्हटलं.’

मला रडू आलं. लपवायचं कशाला, आलं.

१२ मार्च

आमच्या बोरिवलीतच डोळ्यांच्या डॉक्टर मिळाल्या. श्रुतिका सुट्टी टाकून आली. डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा एक कागद सगुणासमोर धरला आणि रेघा कशा दिसतात विचारलं. मध्ये खाली झुकतायत, ती म्हणाली. अगदी त्याच शब्दांत. डॉक्टरांना क्षणात समजलं. मी महिनाभर फॉन्ट तपासत बसलो.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. उजव्या डोळ्यातलं गेलं ते परत येणार नाही. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, म्हणजे आहे ते बहुतेक टिकेल. आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्या थांबल्या. त्यांनी सांगितलं की वाचणं सोडायचं नाही, अक्षर भरपूर मोठं हवं, आणि शब्दाकडे सरळ न बघता जरा बाजूला बघायची सवय करायची.

सगुणाने एकच विचारलं, माझं पुस्तक मला वाचता येईल का. डॉक्टर म्हणाल्या, छापील असेल तर कठीण. फोनवर अक्षर मोठं करता येत असेल तर हळूहळू येईल.

श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं नाही. तिचे उपकार.

१६ मार्च

फाइल पहिल्यापासून करतोय. चित्रपानं फेकून दिली. समास नाही, कडा नाहीत, तीन ओळींचं पहिलं अक्षर नाही. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, एवढंच सांगायचं आणि हात मागे घ्यायचा. जे जे शब्द मी ओळीसाठी कापले होते ते परत ठेवले. वाटलं होतं त्यापेक्षा बरेच निघाले.

काल पहिलं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर मीच दारात थांबलो, ती मात्र माझा हात धरून आत गेली. रात्रभर मी भीत होतो, आहे तेही जाईल म्हणून. सकाळी उठल्या उठल्या तिला विचारलं, मी दिसतो का. दाढी करा, म्हणाली.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली आणि पुस्तक विक्रीच्या साइटवर चढवलं. माणिकला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, पानाला काही शिस्त नाही. मी लिहिलं, नाहीच.

आजपासून ती वाचायला बसली. अक्षर सगळ्यात मोठं. पडद्यावर एका वेळी सात-आठ शब्द मावतात. ओळी वाटेल तिथे तुटतात, कधी एकटा ‘आणि’ खाली लोंबतो. मला बघवत नाही आणि उठवतही नाही. ती टॅब धरते, भलतीकडेच बघते, माझ्या खांद्याकडे म्हणा, आणि शब्द पकडते. एक परिच्छेद झाला की दमते. मी विचारलं, मी वाचून दाखवू? नको, म्हणाली. स्वतःचं स्वतः वाचायचंय. या वेगाने किती दिवस लागतील, आणि तोवर डावा डोळा तेवढा टिकेल का, हे मनात येतं. बोलत नाही.

१३ एप्रिल

मधले काही दिवस काही लिहिलं नाही. दुसरं इंजेक्शन झालं. डाव्या डोळ्यात आणखी बिघाड नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मी त्यांना तीनदा विचारलं, त्या वैतागल्या.

आज तिने पुस्तक संपवलं. शेवटचा लेख आईच्या जाण्यावर आहे. सबंध सकाळ गेली. टॅब मांडीवर ठेवून ती म्हणाली, ‘शेवट खोटा आहे.’

शेवट मला आठवत होता. आई गेली तेव्हा समुद्राला भरती होती, असं काहीसं. मला तर तो नेहमी छान वाटायचा. सगुणा म्हणाली, भरती होती की ओहोटी मला काय माहीत, मी तिथे नव्हतेच. पुस्तकात बरं दिसतं म्हणून लिहिलं. इतक्या वेळा पाठ म्हटलं, कधी टोचलं नाही. आज एकेक शब्द शोधून वाचावा लागला, तर टोचलं.

मी सवयीने म्हणून गेलो की पुस्तक निघालंय, आता काय बदलणार. निघालं की निघालं, गाळ्यात तसंच होतं. मग ध्यानात आलं की इथे तसं नाही. फाइल बदलायची आणि पुन्हा चढवायची. मी कॉम्प्युटर सुरू केला. ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सांगत गेली, मी टाइप करत गेलो. भरतीचं सगळं काढलं. त्या जागी एकच वाक्य आलं.

‘आई गेली त्या दिवशी मी शाळेत होते, निरोप आला तरी तास पूर्ण केला.’

हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.  ठेवू का, एवढंच म्हटलं.

‘थांबा. मोठं करा, मला बघू दे.’

मी मोठं केलं. आणखी, म्हणाली. आणखी केलं. पडद्यावर शेवटी एकेकच शब्द मावायला लागला, तेव्हा ती माझ्या खांद्याकडे बघत वाचायला लागली आणि मी बटण दाबून एकेक शब्द पुढे आणत राहिलो. मध्ये दोनदा तिने मागचा शब्द पुन्हा मागितला. वाक्य संपलं.

‘ठेवा,’ म्हणाली.